लपलेल्या नगरीचा राजा : टुर्गोन
(द्वितीय वर्ष कला)

चांगला राजा कोणाला म्हणावे? जो प्रजेचे रक्षण करतो तो, असे उत्तर आपण शाळेपासून देत आलो आहोत. मग ज्याने प्रजेच्या रक्षणासाठी सारे आयुष्य वेचले, तिच्यासाठी शत्रूला सापडणार नाही अशी नगरी बांधली, आणि शेवटी त्या नगरीच्या मोहापायी जो स्वतः बुडाला व प्रजेतील बहुतेकांना घेऊन बुडाला, त्या राजाला काय म्हणावे? टुर्गोन या राजाची कथा वाचल्यापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. म्हणून या राजाची व त्याच्या गोंडोलिन नगरीची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

टुर्गोन हा इतिहासातला राजा नव्हे. तो जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या कल्पनासृष्टीतला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घरी पाठ्यपुस्तकांपलीकडे पुस्तक नव्हते. त्यामुळे कल्पनारम्य कादंबरी म्हणजे लहान मुलांची करमणूक, असा माझाही समज होता. गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी टॉल्किनचे नाव घेतले, आणि ग्रंथालयात त्याचे ‘द सिल्मरिलियन’ हे पुस्तक हाती लागले. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचायला मला अडीच महिने लागले. पण तो समज मात्र पार गळून पडला.

लेखक आणि त्याचे युद्ध

टॉल्किन यांचा जन्म १८९२ साली दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील १८९६ मध्ये वारले, आई १९०४ मध्ये. बारा वर्षांचा हा पोरका मुलगा पुढे शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकला, आणि १९१५ साली इंग्रजी विषयात प्रथम वर्गात उत्तीर्ण झाला. तेव्हा पहिले महायुद्ध पेटलेले होते. १९१६ मध्ये त्यांना फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर जावे लागले. शाळेपासूनच्या त्यांच्या जिवलग मित्रांपैकी दोघे त्या वर्षी मृत्युमुखी पडले. टॉल्किन स्वतः खंदकातील तापाने आजारी पडून नोव्हेंबर १९१६ मध्ये इंग्लंडला परतले. रुग्णालयात आणि आजारपणाच्या रजेवर असताना या चोवीस-पंचवीस वर्षांच्या तरुणाने जी मोठी कथा लिहिली, ती होती ‘गोंडोलिनचा पाडाव’. ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या पुस्तकांनी ते जगप्रसिद्ध झाले, पण त्या सृष्टीचा पाया या कथेत आहे. १९२० साली त्यांनी ती आपल्या कॉलेजच्या निबंध मंडळात वाचून दाखवली होती. पुढे त्यांनी ती अनेकदा नव्याने लिहायला घेतली. १९५१ च्या सुमारास सुरू केलेले एक सविस्तर लेखन तर नायकाला नगरी प्रथम दिसते त्या क्षणालाच थांबले, ते कायमचे! टॉल्किन १९७३ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र ख्रिस्टोफर यांनी ‘द सिल्मरिलियन’ १९७७ साली प्रसिद्ध केले, आणि या कथेची सारी रूपे एकत्र करून ‘द फॉल ऑफ गोंडोलिन’ हा ग्रंथ २०१८ साली सिद्ध केला. म्हणजे बापाने पंचविशीत लिहिलेली कथा पुस्तकरूपाने स्वतंत्रपणे आली तेव्हा मुलगा नव्वदी ओलांडून गेला होता.

एल्फ म्हणजे कोण?

टुर्गोन हा एल्फ जातीचा राजा. या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. परी म्हणावे तर डोळ्यांसमोर पंख येतात. यक्ष किंवा गंधर्व म्हणावे तर ते इंद्रसभेत नेऊन बसवतात. टॉल्किनचे एल्फ माणसाएवढे, किंबहुना माणसाहून उंच आणि देखणे आहेत. त्यांना म्हातारपण नाही, रोग नाही. पण शस्त्राने ते मरतात आणि अति दुःखानेही मरतात. त्यामुळे त्यांचे दुःख माणसाच्या दुःखाहून लांब पल्ल्याचे असते. शंभर वर्षांपूर्वी गमावलेली गोष्ट त्यांना काल गमावल्यासारखी आठवते. टुर्गोनचा स्वभाव समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

समुद्रापलीकडे पश्चिमेला वालिनोर नावाची देवतुल्य शक्तींची भूमी होती. तेथील तिरियन या शुभ्र नगरीत टुर्गोन राहत असे. मॉर्गॉथ या महादुष्ट शक्तीने एल्फांची अमूल्य रत्ने चोरली. सूडाने पेटून एल्फांचा एक मोठा समुदाय देवतांची आज्ञा मोडून त्याच्यामागे निघाला, त्यात टुर्गोनही होता. वाटेत उत्तरेकडचा बर्फाचा प्रदेश ओलांडताना त्याची पत्नी एलेन्वे बर्फात गडप झाली. इड्रिल ही मुलगी तेवढी वाचली. घर सुटलेले, पत्नी गेलेली, परतीची वाट बंद, असा हा निर्वासित राजा आहे. त्याच्या पुढच्या साऱ्या वागण्याचे मूळ मला येथे दिसते.

नगरीची उभारणी

उल्मो हा या सृष्टीतला जलदेवता. नदी, झरा, समुद्र, जेथे पाणी तेथे तो. इतर देवतांनी एल्फांकडे पाठ फिरवली तरी यानेच त्यांची काळजी सोडली नाही. त्याने टुर्गोनला आधी स्वप्नात सूचना दिली, आणि नंतर एका गुप्त खोऱ्याची वाट दाखवली. चहूबाजूंनी उंच डोंगरांचे कडे, मध्ये टुमलादेन नावाचे हिरवे सपाट मैदान, आणि त्या मैदानात एक खडकाळ टेकडी. त्या टेकडीवर टुर्गोनने बावन्न वर्षे गुप्तपणे बांधकाम करून गोंडोलिन उभी केली. गोंडोलिन म्हणजे ‘लपलेला खडक’. नगरीचा नमुना त्याने घेतला तो हरवलेल्या तिरियनचा. वालिनोरमध्ये प्रकाश देणारे दोन दिव्य वृक्ष होते, ते मॉर्गॉथने नष्ट केले. त्यांच्या आठवणीसाठी टुर्गोनने स्वतःच्या हातांनी एक सोन्याचा आणि एक चांदीचा वृक्ष घडवून राजवाड्यापाशी उभा केला.

नगरीत शिरायची वाट डोंगराखालच्या बोगद्यातून आणि एका खोल घळईतून होती. पुढे त्या घळईत एकामागून एक सात दरवाजे झाले : लाकडाचा, दगडाचा, काशाचा, लोखंडाचा, चांदीचा, सोन्याचा आणि शेवटचा पोलादाचा. वर आकाशात महाकाय गरुडांचा पहारा. कायदा एकच, पण कडक : जो आत आला त्याने परत बाहेर जायचे नाही.

तेथे राहायला जाण्यापूर्वी उल्मोने टुर्गोनला एक इशारा दिला होता. ही नगरी सगळ्या राज्यांहून अधिक काळ टिकेल; पण आपल्या हातच्या निर्मितीवर मर्यादेबाहेर प्रेम करू नकोस, खरी आशा समुद्राकडून येणार आहे, हे विसरू नकोस, असा त्याचा आशय. संकट जवळ आले की एक माणूस येऊन तुला सावध करील, त्याची खूण पटावी म्हणून तुझ्या जुन्या वाड्यात एक चिलखत व तलवार ठेवून जा, असेही त्याने सांगितले. टुर्गोनने तसे केले, आणि प्रजेसह तो डोंगरांआड गेला. जग त्याला शोधत राहिले.

बंद दारांची किंमत

गोंडोलिन सुमारे चारशे वर्षे टिकली. पण बंद दारे फुकट मिळत नाहीत, हे टॉल्किन फार बारकाईने दाखवतो.

पहिली किंमत मोजली ती टुर्गोनच्या बहिणीने. आरेधेल ही मोकळ्या रानात घोडा फेकणारी स्त्री. तिला नगरीत कोंडल्यासारखे होऊ लागले. तिने बाहेर जाण्याची परवानगी मागितली, राजाने नाखुशीने ती दिली. ती वाट चुकली, एओल नावाच्या अरण्यातील एका गूढ एल्फाने तिला अडकवून तिच्याशी लग्न केले, आणि पुढे माइग्लिन या मुलाला घेऊन ती पळून भावाकडे आली. एओल मागोमाग आला. नगरीच्या कायद्याप्रमाणे त्याच्यापुढे दोनच पर्याय ठेवले गेले : येथेच राहा किंवा मर. त्याने मुलावर विषारी भाला फेकला, तो मध्ये पडलेल्या आरेधेलला लागला व ती गेली. एओलला कड्यावरून लोटून देण्यात आले. हे सारे माइग्लिनने पाहिले.

वर्गात या प्रसंगाची चर्चा झाली तेव्हा एक मित्र म्हणाला, “म्हणजे बाई घराबाहेर पडली की असे होते!” मला हा अर्थ मुळीच मान्य नाही. आरेधेलची चूक असेल तर ती वाट सोडून एकटीच पुढे गेली एवढीच. परंतु ज्या नगरीत बाहेर जाण्याची साधी इच्छाही राजाकडे परवानगी मागून पुरी करावी लागते, तेथे कोणीतरी आज ना उद्या चुकीच्या वाटेने बाहेर पडणारच. आमच्या गावातून तालुक्याच्या कॉलेजात येताना मीही परवानगी मागितली होती. म्हणून कदाचित मला आरेधेल अधिक कळत असेल.

दुसरी किंमत युद्धाची. टुर्गोन भित्रा नव्हता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मॉर्गॉथविरुद्ध सर्व राजे एकवटले तेव्हा कोणी न बोलावता तो दहा हजारांचे सैन्य घेऊन बाहेर पडला. पण त्या युद्धात भीषण पराभव झाला, त्याचा भाऊ फिंगोन मारला गेला, आणि एल्फांचे सार्वभौम राजेपद टुर्गोनकडे आले. हूरिन आणि हुओर हे दोन मानव बंधू आपल्या माणसांसह मागे उभे राहिले व त्यांनी टुर्गोनला माघार घेऊ दिली. हे दोघे किशोरवयात काही काळ गोंडोलिनमध्ये राहिलेले होते. हुओर तेथेच पडला, हूरिन कैद झाला. गोंडोलिन वाचली ती अशी दुसऱ्यांच्या रक्तावर. त्यानंतर टुर्गोनने दारे आणखी घट्ट लावून घेतली.

इशारा आणि नकार

कित्येक वर्षांनी हुओरचा मुलगा टुओर उल्मोच्या प्रेरणेने त्या जुन्या वाड्यात गेला, ठेवलेले चिलखत अंगावर चढवून गोंडोलिनच्या दारात आला, आणि त्याने निरोप सांगितला : नगरी सोड, प्रजेला घेऊन नदीच्या काठाने समुद्राकडे जा.

खूण पटली होती. निरोप कोणाचा याबद्दल शंका नव्हती. टुर्गोनने विचारही केला. पण तो निघाला नाही. का? टॉल्किन त्याची कारणे स्पष्ट देतो. नगरी आता तिरियनच्या आठवणीइतकीच सुंदर झाली होती. तिची गुप्तता अभेद्य आहे असा त्याचा विश्वास होता. मोठ्या पराभवानंतर लोकांनाही बाहेरच्या जगाच्या भानगडीत पडायचे नव्हते. दरबारात भाचा माइग्लिन टुओरच्या विरुद्ध बोलत होता. आणि शिवाय टुर्गोनने पूर्वी देवतांकडे मदत मागायला दर्यावर्दी पाठवले होते. त्यांतला कोणी पश्चिमेला पोहोचला नव्हता. अनुभवाने शिकलेला माणूस तो! अनुभवानेच त्याला चुकीचे शिकवले.

हा भाग वाचताना मला पुस्तक मिटावे लागले. आमचे गाव कृष्णाकाठी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गाव सोडा अशी दवंडी फिरली तेव्हा आजोबा ओट्यावरून उठले नाहीत. ते घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेले. पायाचे दगड डोक्यावरून वाहिलेले. “२००५ साली उंबऱ्याला शिवून माघारी गेलं हुतं, आता बी जाईल,” एवढेच ते म्हणत राहिले. त्यांच्यासाठी आम्ही सगळेच थांबलो. तिसऱ्या दिवशी आम्हाला माळवदावरून होडीत उतरवून घेतले. मागची भिंत आमच्या डोळ्यांदेखत बसली. आजोबांचा मला तेव्हा फार राग आला होता. टुर्गोन वाचल्यावर तो राग पूर्ण गेला असे नाही, पण त्यांना सोडायचे काय होते ते कळले. घर नव्हे, आपल्या हातून एक गोष्ट नीट झाली होती, ही खात्री त्यांना सोडायची होती.

फितुरी, पाडाव आणि चोरवाट

पुढचा नाश दोन बाजूंनी आला. कैदेतून सुटलेला म्हातारा हूरिन डोंगरांच्या पायथ्याशी येऊन टुर्गोनला हाका मारू लागला. गरुडांनी वर्दी दिली. राजाने आधी विश्वासच ठेवला नाही. खूप वेळाने त्याचे मन पालटले, पण तोवर हूरिन निघून गेला होता. त्या हाका मॉर्गॉथच्या हेरांनी मात्र ऐकल्या. ज्याने एके काळी नगरी वाचवली त्याच्याचसाठी दार उघडले नाही, आणि त्यातूनच नगरीचा मुलूख शत्रूला समजला!

उरलेले काम माइग्लिनने केले. तो उत्तम खाणकामगार व धातुकारागीर होता. इड्रिलवर त्याचे एकतर्फी प्रेम होते. ती नात्याने सख्खी मामेबहीण, आणि एल्फांत असा विवाह निषिद्ध. तिने टुओरशी लग्न केले आणि त्यांना एआरेंडिल हा मुलगा झाला. माइग्लिन धातूच्या शोधात हुकूम मोडून डोंगरांबाहेर गेला, पकडला गेला, आणि छळाच्या भीतीने व इड्रिलच्या लोभाने त्याने नगरीचे नेमके ठिकाण सांगितले. ‘घरभेदी’ म्हटले की आपल्याला बिभीषण आठवतो. पण बिभीषणाने रावणाला तोंडावर सांगून लंका सोडली होती. माइग्लिन परत येऊन हसतमुखाने दरबारात बसला.

उन्हाळ्याच्या सणाची पहाट होती. सूर्योदयाला गाणी म्हणायची म्हणून लोक तटावर वाट पाहत उभे होते. लाली दिसली, पण ती पूर्वेला नव्हे, उत्तरेला. मॉर्गॉथचे सैन्य अग्निदैत्य आणि ड्रॅगन घेऊन डोंगर उतरत होते. १९१६-१७ च्या मूळ कथेत तर लोखंडी सर्प येतात, आणि त्यांच्या पोटात सैनिक दडलेले असतात. सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत जगात प्रथमच रणगाडे वापरले गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे अंगावर काटा येतो. आपल्याला रूपककथा आवडत नाहीत असे टॉल्किन यांनी पुढे लिहिले आहे. तेव्हा गोंडोलिन म्हणजे अमुक देश असे समीकरण मांडणे योग्य होणार नाही. पण लेखकाने जे पाहिले ते त्याच्या लेखणीत उतरतेच.

टुर्गोन शेवटी चूक कबूल करतो. मूळ कथेत तो मुकुट काढून सोन्याच्या वृक्षाच्या मुळाशी टाकतो, लोकांना टुओरमागे जायला सांगतो, आणि उघड्या डोक्याने आपल्या बुरुजावर चढतो. तो बुरूज कोसळतो, त्याच्यासह राजाही. प्रजेला जाऊ दिले, स्वतः मात्र गेला नाही.

परंतु कथा येथे संपत नाही. इड्रिलला पूर्वीच काहीतरी अघटित घडणार असे वाटू लागले होते. तिने गाजावाजा न करता नगरीतून बाहेर जाणारी एक भुयारी वाट खणून ठेवली होती. आपल्याकडील किल्ल्यांना चोरदिंडी असते, तशीच ती. राजा बापाशी तिने वाद घातला नाही, त्याला सोडूनही गेली नाही. फक्त वाट तयार ठेवली. त्या वाटेने टुओर, इड्रिल, लहानगा एआरेंडिल आणि उरलेसुरले लोक बाहेर पडले. पुढे डोंगराच्या खिंडीत ग्लोरफिंडेल या सरदाराने एका अग्निदैत्याशी झुंजत प्राण दिले म्हणून ते तगले. हाच एआरेंडिल मोठेपणी समुद्र ओलांडून देवतांपर्यंत पोहोचला, त्याने एल्फ व मानव दोघांसाठी दया मागितली, आणि मॉर्गॉथचा अंत झाला. उल्मो म्हणाला तशी आशा समुद्राकडूनच आली. पण ती टुर्गोनच्या नातवाच्या रूपाने. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला एलरॉंड हा टुर्गोनचा पणतू, आणि ‘द हॉबिट’मध्ये गॅंडाल्फला सापडणारी ग्लॅमड्रिंग ही गोंडोलिनच्या राजाचीच तलवार.

पुराच्या आधी चार दिवस माझ्या आईने सातबारा, रेशनकार्ड आणि आमचे शाळेचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खुंटीला अडकवले होते. आजोबांना ती एक शब्दही बोलली नव्हती. त्याच पिशवीतल्या दाखल्यांवर पुढे माझा कॉलेजात प्रवेश झाला.

समारोप

टुर्गोन दुष्ट नव्हता, मूर्ख नव्हता, भेकडही नव्हता. एकदा सर्वस्व गमावलेल्या माणसाने दुसऱ्यांदा उभे केलेले सोडायला नकार दिला, एवढाच त्याचा अपराध. जे जपण्यासाठी भिंत बांधली, त्यापेक्षा भिंतच प्रिय झाली की राज्य असो वा घर, त्याचा शेवट जवळ येतो, असा या कथेचा अर्थ मी लावला आहे. इतर वाचकांना तो निराळा लागेल. चांगल्या कथेचे तेच तर लक्षण आहे.

दिवाळीच्या सुटीत ही सारी कथा मी आजोबांना सांगितली. एल्फ, ड्रॅगन, गरुड, काही गाळले नाही. नव्या भिंतीला पाठ टेकून ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारले, “पोरगी वाचली न्हवं त्याची?”

मी म्हटले, “वाचली. नातूही वाचला.”